चौथ्या मजल्यावर थांबलेली लिफ्ट

१

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रसायनशास्त्राच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, आणि चहाचे रिकामे कप घेऊन खाली निघालेल्या शिपायाच्या हातातून ट्रे सुटला. आत गुडघाभर पांढरं धुकं होतं. धुक्यात चाकांची स्टीलची टाकी आडवी पडली होती. टाकीशेजारी साखळीबुवा पालथा पडला होता. दोन जणांनी पाय धरून त्याला ओढून बाहेर काढलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

साखळीबुवा हे त्याचं खरं नाव नव्हे. सव्वीस वर्षं तो विद्यापीठात लिक्विड नायट्रोजनची ने-आण करत होता. ही चीज बर्फापेक्षा कितीतरी थंड असते, कातडीला लागली तर भाजते. एक लिटर सांडली तर तिचा सातशे लिटर वायू होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, पण बंद जागेतली हवा तो बाहेर ढकलतो. माणूस दोन श्वास घेतो आणि दिवा मालवावा तसा खाली बसतो. म्हणून वाहतुकीच्या नियमांत सातवा नियम होता: टाकी लिफ्टमध्ये एकटीच जाईल. खालच्यानं टाकी आत ढकलायची, दाराच्या आतल्या बाजूला आडवी साखळी लावायची, तिच्यावर ‘आत येऊ नका’ ही लाल पाटी अडकवायची, बाहेरूनच हात घालून मजल्याचं बटण दाबायचं. वरच्यानं ती उतरवून घ्यायची. मध्ये कुणी नाही.

ही साखळी लावल्याशिवाय त्यानं कधी टाकी पाठवली नाही. घाईत असलेल्या प्राध्यापकांना त्यानं हात आडवा करून थांबवलं होतं. त्यावरून पोरं चिडवायची, “बुवा, घरी बायकोच्या खोलीलाही साखळी लावता काय?” तो म्हणायचा, “तिनं मला लावलीय.”

शुक्रवारी दुपारी स्टोअरच्या मावशींच्या टेबलावर चौकशी समितीचा मसुदा आला. सांडलेलं आवरायचं सामान स्टोअरमधून गेलं होतं, म्हणून दुसऱ्या पानावर त्यांची सही हवी होती. मावशींनी पहिलं पानही वाचलं. त्या बाटल्या धुवायला म्हणून इथं लागल्या होत्या. अक्षरं चाळिशीत शिकल्या, तीही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून, आणि शिकवणारा साखळीबुवाच होता. अजूनही त्या शब्दाखाली बोट ठेवून वाचत.

बोट एका ओळीवर थांबलं. ‘सदर कर्मचाऱ्याने साखळी न लावता व नियम मोडून टाकीसोबत लिफ्टमधून प्रवास केला. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’

मावशींनी ती ओळ पुन्हा वाचली. समितीचे अध्यक्ष होते विभागप्रमुख. चार वाजता सगळे सह्या करणार होते, म्हणजे हातात तीन तास होते.

“सही करा मावशी, मला अजून चार ठिकाणी जायचंय,” कागद आणणारा म्हणाला.

“जा तू. कागद इथंच राहील.”

“पण सर रागावतील.”

“रागावू दे. आज मी त्यांच्या आधीपासून रागावलेय.”

२

बुवाचं घर विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, दारात त्याच्या चपला तशाच. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे होते, पण आवाज फाटला होता.

“मावशी, लोक येतात, बसतात, आणि उठताना हळूच म्हणतात, एवढा नियमवाला माणूस, कसा काय चुकला! मला वाटतं, एकेकाला दंडाला धरून बाहेर काढावं. पण काय सांगून काढू? मला ठाऊक नाही ना.” त्यांनी मावशींचा हात धरला. “तुम्ही मला गोड खोटं सांगू नका. चुकला असेल तर चुकला म्हणून सांगा. मी तेही गिळीन. पण दुसऱ्या कुणाचं पाप त्याच्या माथी मारत असतील, तर ते मला गिळायला लावू नका.”

 कोपऱ्यात एक बादली आणि टॉवेल होता. मावशींनी विचारलं, “हे कशाला?”

“त्याच्या गुडघ्यांना. रोज संध्याकाळी गरम पाण्यानं शेकायचे. चार महिन्यांपूर्वी त्याचा जोडीदार काढून साहेबांच्या केबिनबाहेर बसवला ना, तेव्हापासून वरचा माणूसही हाच आणि खालचाही हाच. खाली टाकी चढवायची आणि लिफ्टच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोहोचायचं. ह्या वयात जिन्यावर शर्यत लावायचा लिफ्टशी. मी म्हटलं, अहो, बसा की तिच्यातच एखाद दिवस. तर असा बघायला लागला, जसं काय मी घर पेटवायला सांगितलं.”

मावशी उठल्या. असा माणूस परवाच्या बुधवारी लिफ्टमध्ये का बसेल?

आणि बसला, तर चौथ्या मजल्यावर का जाईल? प्रयोगशाळा तिसऱ्यावर होती. चौथ्यावर फक्त सभागृह होतं.

३

स्टोअरमध्ये परत येऊन त्यांनी ड्रॉवर उघडला. बुधवारी पोलीस पंचनामा करून गेल्यावर लिफ्ट पुसायला त्याच गेल्या होत्या. दुसऱ्या कुणाला त्यांनी जाऊ दिलं नव्हतं. सुपलीत एक काळा तुकडा आला होता, अंगठ्याएवढा. तो त्यांनी काड्यापेटीत टाकून ठेवला होता. तेव्हा रडू आवरेना, मग विचार कुठला करणार.

आता त्यांनी तो खिडकीशी धरला. एका बाजूला बुटाच्या रबरी टाचेची नक्षी. दुसरी बाजू गुळगुळीत, धारदार. रबर फाटलं की दोरे निघतात, कडा लोंबते. हे काचेसारखं फुटलं होतं. रबर असं एकाच गोष्टीनं फुटतं. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना बुवा ती गंमत दाखवायचा: रबरी नळी टाकीत बुडवायची, बाहेर काढायची आणि हातोडीनं बिस्किटासारखी फोडायची.

म्हणजे सांडलेल्या नायट्रोजनमध्ये कुणाचा तरी बूट उभा होता. बुवाच्या पायात तर कॅनव्हासचे होते, धड, अखंड. मावशींनी ते स्वतः वहिनींकडे पोहोचवले होते.

त्या लिफ्टपाशी गेल्या. समितीनं लिहिलं होतं, साखळी लावली नव्हती. साखळी एका बाजूनं लोंबत होती हे खरं. पण तिचा आकडा सरळ झाला होता, कुणीतरी जोरात ताणल्यासारखा. लोंबणाऱ्या साखळीचा आकडा सरळ कसा होईल? ती लावलेली होती. कुणाचा तरी पाय तिच्यात अडकला होता.

लिफ्टच्या बटणांखाली किल्लीचं भोक होतं. ती किल्ली फिरवली की लिफ्ट मधल्या कुठल्याच मजल्यावर थांबत नसे. सात महिने ती बिघडलेली होती. मावशींनी तीन अर्ज केले होते. तिन्हींवर एकच शेरा, विभागप्रमुखांच्या सहीचा: ‘तूर्त गरज नाही.’

जिन्यावर फरशी पुसणारी बाई फडक्याला पिळा मारत होती.

“बुधवारी होतीस का गं इथं?”

“मी कुठं जाणार? रोजच असते.”

“बुवाला पाहिलंस?”

“पाहिलं म्हणजे! अकराला दोनेक मिनिटं कमी असतील. मी पहिल्या मजल्यावर पुसत होते. हा धापा टाकत वर आला, माझ्या ओल्या फरशीवरून. मी म्हटलं, बुवा, वाळू तरी दे, म्हातारा माणूस तू, पडशील आणि नाव माझं होईल. तर म्हणतो, थांबलो तर ती पुढं जाईल.” ती थांबली. पिळा हातातच राहिला. “मावशी, शेवटचं बोलणं माझ्याशी, आणि मी त्याला म्हातारा म्हटलं.”

“हे तू समितीला सांगितलंस?”

“कोण समिती? मला कुणी विचारलं? दोन दिवस ते साहेबलोक माझ्या बादलीला वळसा घालून वर जातायत.”

म्हणजे टाकी निघाली तेव्हा बुवा जिन्यावर होता. टाकी नियमाप्रमाणे एकटी निघाली होती. तिच्यात दुसरंच कुणीतरी शिरलं होतं. अडीच वाजून गेले होते.

४

बुवाचा जुना जोडीदार दुसऱ्या मजल्यावर विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसला होता. मावशींना बघून तो उठला आणि पाणी आणायला म्हणून चालू लागला. टक, टुक. टक, टुक.

“पळतोस कुठं? बस. बूट छान आहेत की. नवरदेव झालास.”

त्यानं पाय स्टुलाखाली ओढले. “साधेच आहेत.”

“साहेब कुठं होते बुधवारी अकराच्या सुमाराला?”

“अकराला वर मीटिंग होती, तिला निघाले. उशीर झाला म्हणून घाईत होते. मी त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण...”

“बटण काय?”

“काही नाही मावशी. मी फाइल आणायला आत गेलो. पुढचं मला माहीत नाही. आईशप्पथ माहीत नाही.” त्यानं वरच्या जिन्याकडे पाहिलं. “वर तिसऱ्यावर मी असायला हवा होतो. ती माझी जागा होती. मला इथं पाहुण्यांना पाणी द्यायला बसवलं.”

केबिनचं दार उघडलं. विभागप्रमुख बाहेर आले. पायात मोज्यांवर सँडल होत्या, आणि डावा पाय ते जपून टाकत होते.

“मावशी, सही झाली नाही म्हणे तुमची?”

“होईल, सर. पायाला काय झालं?”

“मुरगळला. बॅडमिंटन खेळताना.”

“जपा. मुरगळलेल्या पायाला बामचा वास येतो. तुमच्या पायाला भाजल्यावरच्या मलमाचा येतोय.”

त्यांनी पाय मागे घेतला. “चार वाजता कागद वर पाठवा,” म्हणाले आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेत चष्मेवाली पोरगी एकटीच होती. पीएच.डी.चं पाचवं वर्ष. बुधवारचा नायट्रोजन तिच्याच कामासाठी येत होता.

“मावशी, मला काही विचारू नका. माझ्या प्रबंधावर सरांची सही व्हायचीय,” तिनं आधीच सांगून टाकलं.

“मी सरांचं नावही घेतलं नव्हतं बाळा.”

पोरीनं चष्मा काढला. बराच वेळ ती तो ॲप्रनला पुसत राहिली. मावशी उभ्याच राहिल्या.

“अकरा वाजता मी बाहेर आले, टाकी आली का बघायला,” ती शेवटी म्हणाली. “लिफ्टचं दार बंद होतं. सर बाकावर बसले होते, चेहरा पांढराफटक. धाप लागली होती. म्हणाले, जिने चढून चक्कर आली, पाणी दे. मी दिलं. त्यांच्या एका बुटावर पांढरं काहीतरी साचलं होतं, फ्रीजमध्ये साचतं तसं. मी म्हटलं, सर, लिफ्ट? तर म्हणाले, लिफ्ट वर गेलीय, तू आत जा.” तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “मी आत गेले, मावशी. बुवा तेव्हा लिफ्टमध्ये होते ना?”

 मावशींच्या कानात एकदम तो आवाज वाजला होता. टक, टुक. धड बुटांची चाल सारखी वाजते. जोडीदाराच्या एका बुटाची टाच आखूड होती.

५

चार वाजता सभागृहात लांब टेबलाभोवती समिती बसली होती. मध्ये विभागप्रमुख, शेजारी कुलसचिव, बाकी तिघे. मावशी दारातून आत आल्या. मागे जोडीदार होता, अनवाणी.

“मावशी, इथं बैठक चालू आहे,” विभागप्रमुख म्हणाले.

“मीही त्यासाठीच आलेय. सहीच्या आधी तुमच्या कागदातलं एक वाक्य दुरुस्त करायचंय.”

कुलसचिव कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “पाच मिनिटांत बोला.”

मावशींनी काड्यापेटी टेबलावर उपडी केली. तुकडा बाहेर पडला. मग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळा बूट काढून शेजारी ठेवला. चकचकीत, भारी कातड्याचा. टाचेचा कोपरा उडालेला होता. मावशींनी तुकडा त्या जागी टेकवला. तो चपखल बसला.

“हा तुकडा लिफ्टमध्ये मिळाला. बूट कुणाचा, ते हा सांगेल.”

जोडीदार जमिनीकडे बघत म्हणाला, “बुधवारी दुपारी साहेबांनी दिले. म्हणाले, दूर कुठंतरी टाकून दे. पण कातडं धड होतं. मला वाटलं, टाच नंतर लावून घेऊ.”

“बुटावरून काय सिद्ध होतं? माझा बूट केव्हाही फुटला असेल,” विभागप्रमुख म्हणाले.

“रबर असं कधी फुटतं, ते सर, तुम्हीच वर्गात शिकवता. मी तर नुसत्या बाटल्या धुतल्यात.” मावशींनी दोन्ही हात टेबलावर टेकले. “आता ऐका. बुवानं टाकी पाठवली, साखळी लावून. आकडा सरळ झालाय, बघून या. तो जिन्यानं निघाला, फरशी पुसणाऱ्या बाईनं पाहिलं. तुमच्या माणसानं दुसऱ्या मजल्यावर बटण दाबलं होतं, म्हणून लिफ्ट तिथं थांबली. किल्ली चालत असती तर थांबली नसती. तिच्यावर तुमचाच शेरा आहे. तुम्हाला उशीर झाला होता. समोर साखळी, लाल पाटी. तुम्ही ती ओलांडली. पाय अडकला, टाकी आडवी झाली. तरी तुम्ही चौथ्याचं बटण दाबलंत, कारण दार लागेपर्यंत काही होत नाही असंच वाटतं. लिफ्ट आधी तिसऱ्यावर थांबली, कारण तिला बुवानं तिथं पाठवली होती. दार उघडलं. समोर बुवा, धापा टाकत. तुम्ही खाली पडला होतात. त्यानं आत शिरून तुम्हाला बाहेर लोटलं. आणि धापा टाकणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. दार लागलं. लिफ्ट चौथ्यावर गेली, तुम्ही दाबलेल्या बटणामुळे.”

 विभागप्रमुख म्हणाले, “ही सगळी कल्पना आहे. मी वेळेवर मीटिंगला होतो.”

कुलसचिवांनी हळूहळू मान वळवली. “नाही,” ते म्हणाले. “मी त्या मीटिंगला होतो. तुम्ही अकरा वाजून पाच मिनिटांनी आलात. लंगडत आलात. आणि खुर्चीत बसून आधी पूर्ण ग्लासभर पाणी प्यायलात.”

“तिसऱ्यावरून जिन्यानं,” मावशी म्हणाल्या. “आणि ह्या मजल्यावर जिना लिफ्टच्या दारासमोरच निघतो. त्या बंद दारावरून तुम्ही आत आलात. एक बटण दाबायचं होतं. एक बोट! पाच मिनिटं तो आत पडला होता, आणखी पाच मिनिटं तुम्ही इथं पाणी पीत बसला होतात. कदाचित वाचला नसता. पण कुणी बघितलंच नाही!”

विभागप्रमुखांचा चेहरा मेणासारखा झाला. “मला वाटलं, तो बाहेर पडला असेल,” ते पुटपुटले.

“पाठीला हात लागला ना त्याचा?”

त्यांनी समोरचा कागद उगाच सरळ केला.

“लागला ना?” मावशी ओरडल्या. सव्वीस वर्षांत त्या इमारतीत त्यांचा आवाज कुणी एवढा चढलेला ऐकला नव्हता. “आणि मग तोच हात तुम्ही कागदावर निष्काळजी म्हणून लिहिलात?”

“हो, लागला,” विभागप्रमुख म्हणाले आणि त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. मावशींना त्यांची कणभरही दया आली नाही.

कुलसचिवांनी मसुदा आपल्याकडे ओढला. अध्यक्षांचं नाव खोडलं. पोलिसांना फोन करायला एकाला बाहेर पाठवलं. मग ती ओळ खोडून पेन उचललं आणि थांबले. “मावशी, पण एक गोष्ट राहतेच. आठवा नियम सांगतो: कुणी आत पडला असेल तर आत शिरायचं नाही, दार अडवून धरायचं आणि ओरडून मदत बोलवायची. तो आत शिरला. नियम मोडला, हे तर खरं?”

मावशींना हे दुपारपासून ठाऊक होतं. तो आठवा नियम भिंतीवर लिहिताना रंगाचा डबा त्यांनीच धरला होता. तिथं दुसरा माणूस असता, तर एकानं दार धरलं असतं आणि दुसऱ्यानं ओढलं असतं.

“खरं,” त्या म्हणाल्या. “द्या ते पेन इकडे. मी लिहिते.”

चार शिकलेली माणसं थांबली. मावशींनी एकेक अक्षर कोरत लिहिलं.

६

वहिनी दारातच उभ्या होत्या. मावशींनी कागदाची प्रत पुढं केली. “तुम्हीच वाचा,” वहिनी म्हणाल्या. “मला आता अक्षरं दिसत नाहीत.”

मावशींनी बोट ठेवून वाचलं. “विभागप्रमुख साखळी ओलांडून लिफ्टमध्ये शिरले व टाकी पाडून खाली कोसळले. सदर कर्मचाऱ्याने सातवा नियम पूर्ण पाळला. आठवा नियम मोडून तो आत शिरला, कारण आत माणूस होता. दार धरायला दुसरा माणूस दिलेला नव्हता. बाहेर काढलेल्या माणसाने कुणालाही हाक मारली नाही.”

 वहिनींनी दारातल्या चपला उचलून आत नेल्या.

“म्हणजे मोडला त्यानं शेवटी,” आतून त्यांचा आवाज आला.

“हो, वहिनी. मोडला.”

“मूर्ख माणूस!” वहिनी म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

गल्लीतून एक शेजारीण येत होती, डोक्यावरचा पदर सारखा करत, चेहऱ्यावर ते हळहळीचं बोलणं तयार ठेवून. मावशी उंबऱ्यावर बसल्या आणि त्यांनी हात आडवा करून दार अडवलं.

“आधी हे ऐक,” त्या म्हणाल्या, “मग आत जा.” आणि त्यांनी बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं.